वीराची हळद

"हळद आत न्यायची नाही," मी म्हणाले. "वाटी इथे ठेवा आणि मग खुशाल आत या. तिकीट नाही, काही नाही."

दारातली बाई हलली नाही. हातातली पितळेची वाटी तिनं पदराखाली आणखी आत ओढली, एवढंच. पंचविशीची असेल. अंगावर नवंकोरं हिरवं लुगडं, कपाळ मात्र मोकळं. तिच्या मागे पायरीखाली एक उंचापुरा गडी गुलाबी फेटा बांधून उभा होता आणि आपला या बाईशी काही संबंध नाही अशा थाटात समोरच्या चहाच्या गाड्याकडे बघत होता.

"मग आत यिऊन काय करू?" ती म्हणाली. "वीराला हळद लावाया तर आलेय."

करीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. करीमभाई म्हणजे आमच्या संग्रहालयाचे शिपाई, पहारेकरी आणि वेळप्रसंगी मार्गदर्शकसुद्धा. "मघापासून समजावतोय बाई. ऐकतच नाहीत. पाटी दाखवली तर म्हणाल्या, वाचता येत नाही."

"वाचता येत न्हाई हे खरं हाय," ती शांतपणे म्हणाली.

ती पाटी माझी होती. 'वस्तूंना हात लावू नये.' मी अभिरक्षक म्हणून रुजू झाले तेव्हा जुन्या मामलेदार कचेरीतल्या त्या संग्रहालयात एकही मूर्ती धड नव्हती. जो येई तो कुंकू लावी, तेल ओती, नारळ फोडी. एका विष्णूच्या नाकावर तर कोणीतरी उदबत्ती खोचायची सोय करून ठेवली होती. मी पदर खोचला आणि वर्षभर ब्रश घेऊन तो सगळा राडा काढला. त्यानंतर माझ्या राज्यात एकाही देवाला कुंकवाचं बोट लागलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवत नसे. गावातली टवाळ पोरं मला 'सोवळ्यातल्या बाई' म्हणायची, तेही मला ठाऊक होतं.

आणि दिवस तरी कोणता? आमच्या जिल्ह्यातल्या वीरगळांचं प्रदर्शन त्याच दुपारी उघडायचं होतं. पुण्याहून मोठे साहेब निघाले होते. प्रदर्शनाचं नाव त्यांनीच सुचवलेलं, 'आपला वारसा, आपल्या हाती'. करीमभाईंनी ते कापडी अक्षरांत दारावर लावलं, त्याच्या बरोबर खाली माझी हात लावू नये ही पाटी, आणि दोन्ही एकदम वाचून ते आठवडाभर गालात हसत होते.

मधल्या दालनात कडेबोरचा वीर उभा होता. सगळ्या प्रदर्शनात माझा जीव त्याच्यावर. वीरगळ गावोगाव असतात, लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचे दगड. खालच्या चौकटीत तो लढतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतात, अगदी वर चंद्रसूर्य. पण कडेबोरच्या वीराचा चेहरा शाबूत होता. एवढ्या उन्हापावसातून त्याचे डोळे वाचले होते. आणि कडेबोरमध्ये तो नुसता दगड नव्हता. गावात लग्न ठरलं की नवरानवरी जोडीनं जाऊन त्याला हळद लावत. ती लागल्याशिवाय तिथे कोणी कोणाला नवराबायको म्हणत नसे.

असा दगड गाव हातचा सोडेल का? मी आषाढात कडेबोरला गेले, पारावर बसले आणि तात्या वाघमोड्यांशी पुरा एक दिवस वाद घातला. तात्या वीराचे मानकरी. तो मान त्यांच्या घरात पिढीजात. पांढऱ्या मिशा, ताठ कणा, आणि नाही म्हणायची दांडगी हौस. शेवटी त्यांनीच हिशेब मांडला.

"आता आखाडी सरली. तुळशीच्या लग्नापातूर मुहूर्त न्हाईत. लग्नंच न्हाईत तर वीराला तरी काय काम? न्या. पर तुळशीचं लगीन लागलं की माघारी आनायचा."

पारावरची सगळी डोकी हलली. दगड टेंपोत चढवायच्या आधी मात्र तात्यांनी मला थांबवलं आणि माझ्या ओंजळीत विडा ठेवला. पान, सुपारी, वर हळकुंड.

"वीर जितं, मानकरी तितं. मला काय तुमच्या म्युझियमात ऱ्हाता यायचं न्हाई. तवा माघारी येईस्तवर मानकरी तुमी. रोज पानी घालायचं, फूल व्हायचं. कबूल?"

मला दगड हवा होता. त्यांनी मला हत्तीवर बसायला सांगितलं असतं तरी मी बसले असते. मी कबूल म्हणाले, विडा पदरात बांधला आणि टेंपोत बसले. पुढे तो विडा माझ्या टेबलाच्या खणात गेला. पाणी नि फूल मात्र मी रोज पायथ्याशी ठेवत होते. दिलेला शब्द मी पाळते.

तर ती बाई दारात उभी होती आणि घड्याळ पुढे सरकत होतं.

"नाव काय तुझं?"

"हौसा. हे बिरू." तिनं मागे न बघता हनुवटीनं खूण केली. फेट्यानं चहाच्या गाड्यावरची नजर काढून आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा तिकडेच वळवली.

"कडेबोरचे?"

"हे कडेबोरचे. मी पल्याडच्या वाडीची. आज राती पाट हाय आमचा."

पाट! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्याला ना मुहूर्त, ना वाजंत्री. तो चातुर्मासातही लागतो, रात्री, अंधारात, चार माणसांत. 'मधी लग्नंच न्हाईत' म्हणून दगड देऊन मोकळ्या झालेल्या त्या पारावरच्या एकाही शहाण्याला हे आठवलं नव्हतं, कारण पाटाला ती मंडळी लग्नात धरतच नव्हती.

मला तिची दया आली, आणि थोडं अपराध्यासारखंही वाटलं. गावचा वीर मी उचलून आणलेला, आणि ही बिचारी एसटीनं धक्के खात त्याच्यामागे आलेली. मी तिला आत घेतलं. वाटी करीमभाईंच्या स्टुलावर ठेवून ती अनवाणी आत आली. वीरासमोर गेली आणि मान वर करून बघत राहिली.

"येवढा उच्ची हाय व्हय?" ती म्हणाली. "तितं तर कमरेयेवढाच दिसायचा."

"खालचा भाग जमिनीत होता ना. आता सगळा दिसतो."

"डोळं उगडं हायत त्येचं."

"तेच तर," मी म्हणाले. आवडत्या गोष्टीचं कौतुक झालं की मी लगेच विरघळते. "हे बघ हौसा. हळद नाही लावता येणार. दगड धुऊन, औषध लावून तयार केलाय. पण तुळशीचं लग्न झालं की तो गावी येईल. तेव्हा लाव की. तीन महिने उशीर झाला म्हणून काय बिघडलं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भलतंच बोलले हे मला तेव्हाच कळलं.

"गावी आल्यावर मला कोन लावू देतंय, बाई?"

"म्हणजे?"

"पाटाच्या बाईनं वीराला शिवायचं नसतं. लांबनं पाया पडायचं. आज वीर हितं हाय म्हनून तर आलो."

बिरू आता दालनाच्या दारापर्यंत आला होता. हौसानं त्याच्याकडे बोट केलं. "ह्येंचा फेटा बगितलासा? सकाळी लगीन लागलं ह्येंचं. रुईच्या झुडपासंगं. बिनलग्नाच्या गड्यानं पाट लावायचा तर आदी रुईशी लगीन करावं लागतं, म्हंजी पयली बायकू ती. दिवसाउजेडी लागलं, अक्षता पडल्या, पिपानीवाला आला. वीर गावात असता तर त्या झुडपाच्या फांदीनं वीराला हळद लावली असती. झुडपाला चालतंय, बाई. मला चालत न्हाई."

मी बिरूच्या गुलाबी फेट्याकडे पुन्हा एकदा बघितलं. 

"माजं काय न्हाई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "अंधारात लागलं काय, उजेडात लागलं काय. पर माजी ठकी हाय, चार वर्साची. उद्या तिचं लगीन कडेबोरात निघंल. जिनं वीराला हळद लावली न्हाई, तिला लेकीच्या मांडवात म्होरं बसता येत न्हाई. हळद चुलती लावनार, ओटी चुलती भरनार, आन् मी सगळ्यात मागं भिताडाला टेकून बसनार. मला माज्या पोरीच्या लग्नात म्होरं बसायचंय. बास."

एवढंच तिचं मागणं होतं. आणि मी तिला तीन महिन्यांनी ये म्हणत होते.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. साहेब लवकर आले की काय म्हणून मी दचकले, पण ते साहेब नव्हते. आपल्या वीराचा मानपान बघायला मी कडेबोरच्या मंडळींना आग्रहानं बोलावलं होतं, तीच मंडळी आली होती. पुढे तात्या, धुतलेला सदरा, डोक्याला पटका. दारात त्यांना स्टुलावरची हळदीची वाटी दिसली, आत हौसा दिसली, आणि पुढचं त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

"ही हितं कशी?"

"पाया पडायला आलीय," मी म्हणाले.

"पाया पडाया वाटी लागत न्हाई. बिऱ्या, तुजं डोकं ठिकानावर हाय का? आन् तू गं, भायेर हो आदी."

"तात्या, म्युझियम सरकारी हाय," बिरू म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं पहिलं वाक्य. "हितं समद्यांनी यायचं असतंय."

"यायचं असंल. शिवायचं नसतंय." तात्या माझ्याकडे वळले आणि त्यांनी दारावर बोट रोखलं. "बाईंचीच पाटी हाय की. वस्तूंना हात लावू नये. वाचता येतंय मला. बाई, तुमची पाटी आन् आमची रीत येकच सांगतीय. हिला काडा भायेर."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच माझं पित्त खवळलं. मी ती पाटी दगडाच्या काळजीनं लावली होती. आता तीच पाटी हातात घेऊन तात्या एका बाईला हुसकून लावत होते, आणि आम्ही दोघं एकाच बाजूला उभे आहोत असं दिसत होतं. मला ते मुळीच चालणार नव्हतं.

"तात्या," मी म्हणाले, "ती मागं बसेल. लेकीच्या लग्नात. ते तुम्हाला बरं वाटतं का?"

तात्यांनी नजर फरशीवर टाकली. "बसत्यात बायका. बसल्यात आजवर. कुनी मेलं न्हाई त्येनं."

त्यांच्या आवाजात एक कच्चा धागा होता. पण मला तो तेव्हा ऐकू आला तरी कळला नाही. मी दुसऱ्याच विचारात होते. मला माझ्या टेबलाचा खण आठवला होता.

मी कार्यालयात गेले, खण ओढला. विडा सुकून त्याचा चुरा झाला होता, पण हळकुंड तसंच्या तसं होतं. ते घेऊन मी परत आले आणि तात्यांपुढे तळहात उघडला.

"हे ओळखता?"

तात्यांनी हळकुंडाकडे बघितलं आणि हात मागे बांधले.

"वीर जिथे, मानकरी तिथे. तुम्हीच म्हणालात, भर पारावर. हे चौघंजण तेव्हा होते तिथे. परत येईपर्यंत मानकरी कोण?"

मागच्या मंडळींत चुळबुळ झाली. एक म्हातारा पुटपुटला, "विडा तर दिलाय, तात्या."

"त्यो पानी घालाया दिलाय!" तात्या कडाडले. "हळदीचं बोलनंच झालं न्हवतं. लग्नंच न्हवती मधी!"

"मधे लग्नं नव्हती हे तुम्ही धरून चाललात. निघालं एक. हळद कोणी लावायची हे कडेबोरला कोण ठरवतं?"

 उत्तर बिरूनं दिलं. "मानकरी. त्यो आदी सोता बोट लावतो आन् मग जोड्याला पुकारतो."

"झालं तर मग," मी म्हणाले. "करीमभाई, ती वाटी आत आणा."

करीमभाईंनी वाटी अशी अदबीनं आणली की जणू ते वर्षानुवर्षं हेच करत आले होते. दारातली माझी पाटी त्यांनी जाता जाता उलटी करून ठेवली. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी वाटीत बोट बुडवलं.  ज्या दगडाला मी महिनाभर कुणाचं नख लागू दिलं नव्हतं, त्याच्या पायाशी मी स्वतःच्या बोटानं हळदीची रेघ ओढली आणि मला विलक्षण बरं वाटलं. मग मी उभी राहिले. आता पुकारायचं होतं, आणि काय पुकारतात याचा मला पत्ता नव्हता.

"तात्या, काय म्हणायचं असतं?"

तात्यांनी पाठ फिरवली होती. ते दाराकडे तोंड करून उभे होते. बाहेर मात्र पडले नव्हते.

"बरं. मी माझं म्हणते," मी म्हणाले आणि घसा साफ केला. "बिरू आणि हौसा, तुम्ही दोघं या वीराच्या साक्षीनं..."

"गावाचं नाव आदी घ्यायचं असतंय," दाराकडून आवाज आला. तात्या वळले नव्हते.

"कडेबोर गावच्या वीराच्या साक्षीनं, बिरू आणि हौसा..."

"बाईचं नाव आदी. हळद तिची असती."

"कडेबोर गावच्या वीराच्या साक्षीनं, हौसा आणि बिरू..."

"वाघमोड्याचा बिरू!" तात्या आता संतापून वळले. "गावात तीन बिरू हायत! कुठला म्हनून वीरानं समजायचं? आन् पूर्वेला तोंड करा, बाई, पूर्वेला! ह्यो काय तमाशा चाललाय?"

मी पूर्वेला तोंड केलं. त्यांनी एकेक शब्द सांगितला, रागानं, दातओठ खाऊन, आणि मी तो तसाच म्हणत गेले. रीत मोडतेय हे ते सोसत होते, पण चुकतेय हे त्यांना सोसेना. शेवटचा शब्द संपला तसे ते भानावर आले, पटका सारखा केला आणि तरातरा बाहेर जाऊन जीपमध्ये बसले.

हौसानं हळद लावली. कुठे लावावी हे मी तिला सांगितलं नाही. तिनं टाचा उंचावून वीराच्या कपाळाला लावली, त्या उघड्या डोळ्यांच्या बरोबर मधे. बिरूनं तिच्या मनगटाला हात लावला होता. ती रडली नाही. वाटीत उरलेली हळद तिनं पदराच्या टोकात बांधली आणि म्हणाली, "ठकीला दावीन."

"हौसा," मी विचारलं, "मी विडा घेतलाय हे तुला माहीत होतं?"

"टेंपोत दगड चडवाया बिरू व्हते की. त्येंनीच सांगितलं. म्हनलं, आता मानकरी बाई हाय. बाईला इचारून तर बगू."

म्हणजे ती नुसती वीराकडे आली नव्हती, मानकऱ्याकडे आली होती. आणि मानकरी बाईच दारात आडवी उभी होती!

साहेब दुपारी आले. फीत कापली, भाषण झालं. मग वीरासमोर थांबून त्यांनी चष्मा पुसला.

"खर्शीकर बाई, ही हळद?"

"आजचीच आहे, साहेब."

"तुमच्या संग्रहालयात? तुमच्या?"

"आपला वारसा, आपल्या हाती," मी म्हणाले.

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पुसू नका. ओळखपत्रिकेत लिहा." तसं मी दुसऱ्या दिवशी लिहिलंही. दगडाचं माप, दगडाचा अंदाजे काळ, आणि शेवटी, 'कपाळावरील हळद: हौसा व बिरू वाघमोडे, कडेबोर'.

बातमी खेड्यात पसरते तशी पसरली. भाद्रपदात आणखी एक जोडपं आलं. आश्विनात दोन आली. आणि मग ज्यांची मी अपेक्षाच केली नव्हती त्या येऊ लागल्या, कडेबोरच्या जुन्या बायका. ज्यांचा पाट कधीच्या काळी लागला होता, ज्यांची पोरंही बापये झाली होती. कोणी नवऱ्याला घेऊन येई, कोणी एकटीच, कोणाच्या काखेत नातवंड. बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरायच्या आणि दारात उभ्या राहून करीमभाईंना विचारायच्या, "मानकरीन हाय का आत?" मी हातातलं काम टाकून जाई. पूर्वेला तोंड, आधी गावाचं नाव, मग बाईचं. मला आता सगळं पाठ झालं होतं. तात्या मात्र त्या दिवसानंतर फिरकले नव्हते.

ते आले दिवाळीनंतर. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं, दगड परत न्यायचं ठरलं होतं, आणि मला वाटलं तेच बोलायला आले असतील. पण त्यांच्या हाताला धरून एक म्हातारी होती. अगदी वाकलेली, चिमूटभर. त्यांनी तिला पायऱ्या जवळजवळ उचलूनच चढवल्या. तिच्या मुठीत पदराची गाठ होती, आणि गाठीतून पिवळं उतरून तिची बोटं रंगली होती.

"माजी आई," तात्या म्हणाले.

 पुढचं त्यांनी सांगितलं ते मला नाही, वीराकडे बघत.

"माज्या बाचा पाट व्हता हिच्यासंगं. माज्या लग्नात चुलतीनं हळद लावली. ही मागं बसली व्हती, भिताडाला. मी मानकऱ्याचा पोरगा. बानं सोता पुकारलं, आन् मी हिच्याकडं बगितलं न्हाई."

मी खणातलं हळकुंड आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "तात्या, आज तुम्ही पुकारा. मान तुमचा आहे."

"न्हाई," ते म्हणाले. "मानकरी तुमी. मी आज पोरगा हाय."

मी हळदीत बोट बुडवलं, वीराच्या पायाशी रेघ ओढली, पूर्वेला तोंड केलं आणि पुकारायला म्हातारीकडे वळले. ती माझ्याजवळ नव्हती. दालन अख्खं रिकामं होतं, आम्हां तिघांखेरीज चिटपाखरू नव्हतं, आणि ती जाऊन दाराजवळ, सगळ्यात मागे, भिंतीला टेकून बसली होती.

तात्या तिच्याकडे गेले, खाली बसले आणि तिचा पिवळा हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

"आये," ते म्हणाले, "म्होरं चल."